ख्रिसमस ट्रीवरची माळ दर वर्षी अर्धीच का पेटते?

डिसेंबर उजाडला की आमच्या वसईत घरोघरी माळ्यावरचे खोके खाली येतात आणि एकच तक्रार ऐकू येते. गेल्या नाताळला माळ धड चालत होती, आता मधला तुकडाच पेटत नाही. बहुतेक जण बाजारात जाऊन शे-दीडशेची नवी माळ आणतात आणि पुढच्या डिसेंबरला तीच रडकथा पुन्हा. घेताना आपण रंग बघतो, दिवे किती ते बघतो, बटण दाबल्यावर किती प्रकारे लुकलुकते ते बघतो. माळ आतून जोडलीय कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. दर वर्षीचं दुखणं नेमकं त्या जोडणीत असतं, त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते आणि नवी माळ निवडतानाही तेच बघावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. माळेला हात लावण्याआधी पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. माळेची पिन दोन पायांची असते, ती उलटसुलट कशीही बसते. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं असेल (जुन्या घरांत हे सर्रास सापडतं), तर बटण बंद असतानाही माळेत करंट उभा असतो.

तुमच्याकडची माळ कोणत्या जातीची?

घरात साधारण तीन प्रकारच्या माळा सापडतात.

पहिली, सगळ्यात जास्त खपणारी: पिन थेट सॉकेटमध्ये, मध्ये एक छोटी प्लॅस्टिकची डबी, डबीवर बटण, पुढे शंभर-दोनशे एलईडी. हिला २३० व्होल्ट थेट मिळतात. पांढरा, निळा, हिरवा एलईडी साधारण ३ व्होल्टवर चालतो, लाल-पिवळा साधारण २ वर. मग २३० व्होल्टवर तो जळत का नाही? कारण दिवे एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये ओवलेले असतात. ५० पांढरे दिवे एका रांगेत घातले की १५० व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, उरलेला भार रेझिस्टर (प्रवाह अडवणारा बारका भाग) उचलतो. शंभर दिव्यांच्या माळेत अशा दोन किंवा चार रांगा असतात. एका रांगेत कुठेही एक जोड सुटला की ती अख्खी रांग झोपते आणि बाकीच्या चालू राहतात. 'अर्धीच पेटते' हा प्रकार होतो तो यामुळे.

दुसरी, अडॅप्टरवाली. मोबाइलच्या चार्जरसारखा ठोकळा सॉकेटमध्ये जातो आणि माळेत ५, १२ किंवा २४ व्होल्टच जातात. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या माळा याच घराण्यातल्या. त्यांच्यात दिवे बहुधा समांतर जोडलेले असतात. एखादा दिवा गेला तर तेवढाच जातो, पण तार तुटली तर तिथपासून पुढचं सगळं बंद.

तिसरी, जुनी, बारीक काचेच्या बल्बची. अजून कुणाकुणाच्या माळ्यावर आहे. चांगल्या बनावटीच्या माळेत प्रत्येक बल्बच्या बुडाशी, फिलामेंटच्या खाली, एक बारीक शंट तार गुंडाळलेली असते. फिलामेंट तुटलं की सगळा दाब त्या शंटवर येतो, तिच्यावरचा थर फुटतो आणि वाट पुन्हा जोडली जाते, म्हणून माळ चालू राहते. पण बल्ब खोबणीत सैल असेल तर शंटचा काही उपयोग नाही, रांग बंदच पडते. आणि पाच-सहा बल्ब असे शंटवर गेले की त्यांच्या वाट्याचे व्होल्ट बाकीच्यांवर येतात, ते जास्त उजळतात आणि भराभर जातात. 'माळ यंदा फार छान लख्ख पेटतेय' असं वाटलं तर ती शेवटच्या घटका मोजतेय असं समजा. गेलेला बल्ब त्याच दिवशी बदलला तर ही माळ वर्षानुवर्षं चालते. फक्त तापते, हे विसरू नका.

सगळीच माळ बंद

हे सगळ्यात सोपं. सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा. मग पिनजवळची वायर बघा. दर वर्षी ओढून काढताना तिथेच तुटते. पिनचं टोपण उघडलं तर एक वायर स्क्रूतून निसटलेली दिसते. अडॅप्टरची माळ असेल तर त्याच जातीचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर जास्त चालतील, कमी नकोत.

पिन ठीक, वायर ठीक, तरी अंधार, म्हणजे डबी. ती स्क्रू-ड्रायव्हरने सहज उघडते. आत बोटाएवढी पट्टी, तिच्यावर चार काळे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे), एक काळा डांबरासारखा थेंब (त्याच्या पोटात चिप असते) आणि दोन ते चार तीन पायांचे बारके भाग, हे थायरिस्टर. प्रत्येक थायरिस्टर एकेक रांग चालवतो. पट्टी काळवंडली असेल किंवा थेंबाला तडा गेला असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. तशी डबी सुटी मिळते, मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीत. वायरी जोडताना रांगा तितक्याच आहेत ना एवढं बघायचं.

एक तुकडा बंद: खरं दुखणं

आधी ठरवायचं की दोष डबीत आहे की माळेत. बंद दिवे सलग आहेत की एकाआड एक, हे बघा. एकाआड एक किंवा फक्त एकाच रंगाचे बंद असतील तर ती सगळी एकाच रांगेतली मंडळी आहेत. पिन काढा, डबी उघडा, बंद रांगेची वायर आणि चालू रांगेची वायर यांची जागा अदलाबदल करून सोल्डरचा डाग द्या, डबी नीट मिटवा आणि मग पिन लावा. आधी बंद असलेली रांग पेटली आणि दुसरी झोपली, तर थायरिस्टर गेलाय. तीच रांग बंद राहिली, तर दोष माळेत आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मी धावपळ वाचते, पण लोक ती करत नाहीत. सरळ दिवे उपसायला बसतात.

दोष माळेत निघाला तर आधी डोळे वापरा. दुपारच्या उजेडात, टेबलावर पांढरा कागद पसरून, बंद तुकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्या. तीन गोष्टी शोधायच्या. एलईडीच्या मानेपाशी हिरवट किंवा तांबूस भुकटी. वायरमध्ये मध्येच असलेली फुगीर गाठ, जिच्यात रेझिस्टर असतो, ती काळी पडलीय का. आणि तुकड्याचा पहिला आणि शेवटचा दिवा, कारण ओढाताण तिथेच जास्त होते.

ती भुकटी का येते ते सांगतो, कारण आपल्या किनारपट्टीवर सगळा खेळ तिचाच आहे. स्वस्त एलईडीचे पाय तांब्याचे नसतात, लोखंडाचे असतात आणि वर मुलामा असतो. फ्रिजवरचं लोहचुंबक जवळ नेलं तर टचकन चिकटतं, करून बघा. खाऱ्या दमट हवेत मुलामा उडतो आणि गंज धरतो. त्यातून माळ चालू असताना ओल असली तर धन बाजूचा पाय आधी खाल्ला जातो, कारण प्रवाहाबरोबर धातू तिथून विरघळत जातो. पुष्कळदा एलईडी ठणठणीत असतो, फक्त त्याचा एक पाय खोबणीत राहिलेला असतो आणि वरचा दिवा हातात येतो.

आणि ओल येते कुठून? ट्री तर घरात असतो! पण ती माळ फक्त ट्रीची कुठे असते? बिल्डिंगमध्ये एकच माळ सप्टेंबरमध्ये मखराला जाते, दिवाळीत गॅलरीच्या कठड्यावर चढते आणि डिसेंबरमध्ये ट्रीवर येते. गणपतीत पाऊस चालू असतो. त्यात किंवा गॅलरीत भिजलेली माळ तशीच गुंडाळून पिशवीत गेली की पुढचे दोन महिने ती आतल्या आत गंजत बसते. घरातली माळ बाहेर लावू नये असा साधा नियम पाळला तर यातली बरीच दुखणी येणारच नाहीत.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर हलवून बघायचं. पिन लावा, बटण दाबून माळ एकसारखी पेटलेल्या स्थितीत आणा (लुकलुकत असताना काही कळत नाही) आणि कोरड्या प्लॅस्टिकच्या फूटपट्टीने बंद तुकड्यातला एकेक दिवा हलकेच दाबा. बोटाने नाही, पट्टीनेच. एखाद्या दिव्यापाशी अख्खा तुकडा क्षणभर उजळला तर चोर सापडला.

तरीही नाही सापडला तर मल्टिमीटर. पिन काढलेली असताना डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल काडी धन पायाला, काळी ऋण पायाला. चांगला एलईडी मंद उजळतो, गेलेला गप्प राहतो. मीटर नसेल तर ३ व्होल्टचा चपटा सेल घ्या आणि खोबणीतून उपसलेल्या दिव्याचे पाय त्याच्या दोन बाजूंना टेकवा. नाही पेटला तर सेल उलटा करून बघा, एलईडी एकाच दिशेने चालतो. टेस्टर पेन जवळ धरून तुटलेली जागा शोधायची युक्ती जुन्या बल्बच्या माळेत चांगली चालते. डबीवाल्या माळेत मात्र पेन दोन्ही तारांवर टीं-टीं करतं, कारण डायोडांमधून गेल्यावर फेज आळीपाळीने दोन्हीकडे येतो. तिथे तिच्यावर विश्वास ठेवू नका.

गेलेला दिवा सापडला की त्याच रंगाचा, धन-ऋण सांभाळून दुसरा घाला. पांढऱ्याच्या जागी लाल घातला तरी पेटेल, पण उरलेला एक व्होल्ट रेझिस्टरवर जाईल. एखादा दिवा वगळून दोन वायरी थेट जोडणं हा नेहमीचा जुगाड. एका रांगेत एक चालेल, फार तर दोन, तेही त्या हंगामापुरते. त्यापुढे रेझिस्टर तापायला लागतो. जोडावर डाग द्या आणि हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा. इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. डाग धरतच नसेल तर वायर ब्लेडने खरवडून बघा. वर तांबूस, आत पांढरट, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अशी वायर पाच-सात वेळा वाकवली की तुटते आणि तिला डागही धड बसत नाही. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

लुकलुकणं थांबत नाही, किंवा डोळ्यांना त्रास होतो

बटणाने स्थिर ठेवलेली माळ लाइट जाऊन आली की पुन्हा नाचायला लागते. हा बिघाड नाही. स्वस्त डबीला स्मरणशक्तीच नसते. स्थिरच उजेड हवा असेल तर बिनडबीची माळ घ्या.

जुन्या बल्बच्या माळेत अख्खी माळ उघडझाप करत असेल तर एक विशेष बल्ब शोधा. त्याच्या आत द्विधातू पट्टी असते, ती तापून वाकली की रांग तुटते, निवली की जोडली जाते. तो काढून साधा बल्ब घातला की माळ शांत.

स्थिर असूनही नजरेला टोचणारी माळ वेगळी. तिच्यासमोर हात झरझर हलवा. हात तुटक-तुटक दिसला तर ती सेकंदाला ५० वेळाच पेटतेय, म्हणजे बनवणाऱ्याने डायोड वाचवलेत. घरात बसून बघायच्या झाडाला असली माळ नको.

ट्रीला हात लावला की झिणझिण्या

इथे मात्र थांबा. एलईडी आहे म्हणजे शॉक बसत नाही, हा समज चुकीचा आहे. पहिल्या जातीच्या माळेत प्रत्येक जोडावर मेन्सचा करंट असतो. प्लॅस्टिकच्या ट्रीचा दांडा लोखंडी, फांद्यांच्या पोटात तार, वरून चमकीच्या झालरी. एका जागी वायर सोलली की सगळं झाड फेजला लागतं. आणि झाडाशी सतत कोण खेळतं, तर पोरं. अशी माळ टेप लावून पुन्हा चढवायची नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर नाताळपुरता नाही, कायमचा बसवून घ्या.

कुंडीतलं अरौकारियाचं झाड किंवा सुरूची फांदी वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. माती ओली असते. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचंही तेच. खाली पेंढा, कागदाचे डोंगर आणि हिरवळ दिसावी म्हणून आधीच पेरून ठेवलेली नाचणी किंवा गहू, त्यावर रोज पाण्याचा शिडकावा. हौशी मंडळी एक्सटेन्शनचा जोड त्याच पेंढ्याखाली लपवतात, दिसू नये म्हणून. जोड बाहेर, जमिनीपासून वर ठेवा. गोठ्यात तीन पेन्सिल सेलवर चालणारी छोटी माळ पुरते. जुन्या बल्बची माळ पेंढ्याजवळ अजिबात नको.

नवी घ्यायचीच असेल तर

एडवर्ड जॉन्सन या एडिसनच्या सहकाऱ्याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी पहिल्यांदा विजेचे दिवे झाडावर लावले. लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब, सगळे हाताने जोडलेले. त्याआधी लोक झाडावर मेणबत्त्या लावत. जॉन्सन स्वतः वीजधंद्यातला होता, त्याला जोडणी कळत होती. आपण दुकानदाराच्या भरवशावर असतो, म्हणून विचारायचे प्रश्न घरूनच ठरवून जायचे.

पहिला प्रश्न: अडॅप्टरची आहे का? ट्रीसाठी माझं मत ठाम आहे, कमी व्होल्टची अडॅप्टरवाली माळच घ्यावी. महाग पडते, पण लोखंडी दांड्याच्या झाडावर आणि पोराबाळांच्या घरात २३० व्होल्ट खेळवण्याचं कारणच उरत नाही. शिवाय एक दिवा गेला म्हणून बहुधा रांग झोपत नाही. तांब्याच्या बारीक तारेची माळ दिसायला सगळ्यात सुरेख, कारण दिवसा ती दिसतच नाही. पण ती काढताना ओढली की तिला घडी पडते आणि घडीवर तुटते. धसमुसळ्या घरात नको. एकेक दिवा वेगळा रंग बदलणाऱ्या पिक्सेल माळांचं आणखी वेगळं. त्यात हुकूम एका दिव्याकडून पुढच्याकडे जातो, मधली एक चिप गेली की पुढचे सगळे वेडेवाकडे वागतात. मुलांना आवडतात, टिकाऊ म्हणून घेऊ नयेत.

दुसरं, लांबी. जाण्यापूर्वी झाडाला सुतळी गुंडाळा, खालून वर, दोन वेढ्यांत वीतभर अंतर ठेवून, आणि ती सुतळी मोजा. पाकिटावरचा दिव्यांचा आकडा फसवतो, कारण दोन दिव्यांतलं अंतर प्रत्येक माळेत वेगळं. अमेरिकेत झाडाच्या उंचीच्या दर फुटाला शंभर दिवे असा हिशेब सांगतात. आपल्या चार-पाच फुटी ट्रीला त्याने डोळे दिपतील. दोन-तीनशे पुष्कळ झाले. एका लांबलचक माळेपेक्षा दोन छोट्या घ्या, एक बिघडली तर झाड अर्धं तरी उजळेल. पण दोन्ही एकाच वेळी, एकाच खोक्यातल्या. पुढच्या महिन्यात आणलेला 'वॉर्म व्हाइट' आधीच्याशी जुळेलच असं नाही. एक पिवळा दिसतो, एक गुलाबी. वॉर्म म्हणजे पाकिटावर २७०० ते ३००० केल्विन. ६०००च्या पुढचा पांढरा हॉस्पिटलमधल्या उजेडासारखा दिसतो.

वायर हिरवी मागा. आपल्याकडे पारदर्शक वायरच जास्त येते, कारण माल दिवाळीचा असतो. ती झाडावर चमकते आणि वर्षभरात पिवळी पडते. खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा, एलईडीच्या माळा सक्तीच्या नोंदणीत येतात. बाहेर नाताळचा तारा किंवा गॅलरी सजवायची असेल तर आयपी ४४ किंवा ६५ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेली वेगळी माळ घ्या आणि तिची अदलाबदल करू नका.

दुकानात माळ लावून दाखवायला सांगा. दुकानदार ती नाचती ठेवतो, कारण नाचत असताना एखादा मंद दिवा लक्षात येत नाही. स्थिर करायला लावा, पूर्ण उलगडायला लावा, पिनजवळची आणि डबीजवळची वायर हलवा, समोर हात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. २३ डिसेंबरच्या संध्याकाळी गर्दीत कोणी ते करू देणार नाही, म्हणून आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या) पहिल्या आठवड्यातच खरेदी उरका.

उतरवताना

तीन राजांचा सण ६ जानेवारीला. त्यानंतर ट्री उतरतो, काही घरांत फेब्रुवारीत. कधीही उतरवा, पण माळ वरच्या टोकाकडून, वेढे उलटे सोडवत. खालून खेचू नका. कोपर आणि अंगठ्यात गुंडाळायची सवय सोडा, त्यात प्रत्येक वेढ्याला वायर त्याच जागी वाकते. खोक्याचा जाड पुठ्ठा कापून त्यावर सैल गुंडाळा, अडॅप्टर किंवा डबी वेगळी बांधा. एक दिवस पंख्याखाली ठेवून मग झाकणाच्या डब्यात भरा, आत नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. डब्यावर मार्करने लिहा: कुठली माळ, किती व्होल्टचा अडॅप्टर, आणि दुरुस्त केली असेल तर कुठल्या टोकाकडून कितवा दिवा बदललाय. एकाच रांगेत दोन जोड झालेली २३० व्होल्टची माळ डब्यात भरूच नका, ई-कचऱ्यात द्या. त्याआधी तिचे चांगले दिवे आणि रेझिस्टर कापून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला लागतात.